डावीकडचे दिवे

१

सकाळी साडेआठला जाळीबाई प्रयोगशाळेत यायच्या, चपला बदलायच्या, केस टोपीत कोंबायच्या आणि उबदार कपाटाचं दार उघडून आतल्या चार डोळ्यांना विचारायच्या, "काय मंडळी, झोप झाली का?"

मंडळी उत्तर देणार कुठून! ते धड पुरते डोळेही नव्हते. नेत्रदानात आलेले, पण कुणाला बसवता न येण्यासारखे डोळे कापून त्यांचा फक्त पुढचा अर्धा भाग काचेच्या डबीत बसवलेला असे, घुमट वर करून. खालून बारीक नळीने पंप त्यात थेंब थेंब पाणी सोडायचा. जिवंत डोळ्यातही हेच चालतं. आत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेने गोल फिरलेली एक नाजूक जाळी आहे, तिच्यातून ते झिरपून जातं. जाळी तुंबली की दाब वाढतो, मागची नस सुकत जाते आणि माणूस कडेकडून आंधळा होत येतो. काचबिंदू म्हणतात तो हाच. ही जाळी नेमकी कुठे तुंबते ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक थर उलगडत बघायचं, हे बाईंचं काम. एकोणीस वर्षं त्या तेच करत होत्या, म्हणून जाळीबाई. खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल तेवढंच.

चारही डबींचा दाब पडद्यावर रेघेने उमटत राहायचा. रेघ सरळ चालली की बाई खूश. त्या सोमवारी तासभर भिंगात बघून उठल्यावर त्यांनी पाहिलं तर तीन रेघा सरळ होत्या. तिसऱ्या डबीच्या रेघेला मात्र दात फुटले होते. बारीक, उंच, क्षणात वर जाऊन क्षणात खाली आलेले सहा दात.

बाईंनी चष्मा पुसला. दात तसेच.

असे दात त्यांनी पूर्वी पाहिले होते, पण डबीत नव्हे. जिवंत माणसाने पापणी मिटली की ती डोळ्याला दाबते आणि दाब असाच टुणकन वर जातो. घाबरून डोळे गच्च मिटले तर दात आणखी उंच. हे सहाही चांगलेच उंच होते.

डबीतल्या डोळ्याला पापणी नसते. पापणी मिटायचा स्नायू नसतो, स्नायूला हुकूम द्यायला मेंदू नसतो. असतो तो नुसता एक घुमट आणि त्याच्या कडेची जाळी.

"बुडबुडा असेल नळीत," बाई स्वतःशीच म्हणाल्या. नळी बदलली, हात धुतले आणि पुन्हा कामाला लागल्या.

२

बुडबुडा नव्हता. मंगळवारी बाईंनी तिसरी डबी पहिल्या पंपावर लावली, पहिली तिसऱ्यावर. दात डबीबरोबर गेले. बुधवारी दाबाचा मापक बदलला. दात आहेतच. बाई हट्टी. त्यांनी वही काढली आणि दर दाताची वेळ लिहून काढली.

वेळा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. डबी कपाटात असते तेव्हा रेघ अगदी सरळ. डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तरी सरळच. बाईंनी खुर्ची पुढे ओढून डोळे भिंगाला लावले की दोन-तीन मिनिटांत दात सुरू. बाई भिंगापासून उठल्या की बंद.

"मला बघून डोळे मिटतोस होय रे?" त्या डबीला म्हणाल्या. "इतकी का मी वाईट दिसते?"

थट्टा केली खरी, पण हसू काही आलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती बाईंनी जन्मात कुणाला सांगितली नव्हती. खोटं कशाला बोला, बाईंचा स्वतःचाच डावा डोळा जात होता. दोन वर्षांपूर्वी डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. डावीकडे ठेवलेला कप सापडेनासा झाला. काळं दिसत नव्हतं की धूसर दिसत नव्हतं. हीच तर या रोगाची चलाखी. जिथलं दिसत नाही तिथे मेंदू आपल्या पदरचं ठिगळ लावतो. भिंत असेल तर भिंतच पुढे ओढतो, आणि माणसाला वाटतं की आपल्याला सगळं दिसतंय. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. वडिलांचं त्यांनी पाहिलं होतं. वडिलांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं आणि उरलीसुरली नजर पंधरा दिवसांत गेली. त्या धसक्याने बाई गप्प बसल्या. शिवाय डोळा अधू म्हटल्यावर सूक्ष्मदर्शकावर कोण बसू देणार? एकोणीस वर्षं जे केलं ते सोडून मग काय, फायली लावत बसायचं?

घराण्यात रोग म्हणून दर सहा महिन्यांनी बाईंची फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी, व्हायची. खालच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीणच ते यंत्र चालवायची. पांढऱ्या घुमटात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर रोखायची. आजूबाजूला कुठेतरी बारीक दिवा लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाई ते यंत्र कोळून प्यायल्या होत्या. दिवा लागायच्या आधी आत एक टिक होते, आणि माणूस लबाडी करतो का ते बघायला यंत्र मधूनच दिव्याशिवाय टिक करतं, ती किंचित कोरडी वाजते. बाई डोळ्यांनी नाही, कानांनी टेस्ट द्यायच्या. रिपोर्ट लखलखीत यायचा.

"ताई, तुझे डोळे म्हणजे सोनं आहे गं," धाकटी म्हणायची. डोळ्यांत धूळ फेकायची ती सख्ख्या बहिणीच्याच. बाईंना फार वाईट वाटायचं, पण सांगायचा धीर कधी झाला नाही.

३

गुरुवारी त्यांचं लक्ष बाजूच्या भिंगाकडे गेलं.

सूक्ष्मदर्शकाला डाव्या हाताला एक जोडभिंग होतं. शिकाऊ माणसाने शेजारी बसून बाई बघतात तेच बघावं म्हणून बसवलेलं. कित्येक वर्षांत तिथे कुणी बसलं नव्हतं. भिंगावर रबरी टोपण असायचं आणि टोपणावर धूळ.

गुरुवारी टोपण टेबलावर होतं आणि धूळ पुसलेली होती. बाईंनी वाकून पाहिलं. भिंगाच्या कड्यावर आकडे असतात. ज्याची नजर जशी, तसं तो कडं फिरवून घेतो. बाई ते शून्यावर ठेवायच्या. आता ते उणे पाचवर होतं.

"कुणी हात लावला गं याला?" त्यांनी बाहेर जाऊन विचारलं. कुणीच नाही. साफसफाईच्या मावशी तर म्हणाल्या, "त्या खोलीत तुमच्याशिवाय पाय ठेवायची कुणाची टाप आहे बाई?"

बाईंनी कडं शून्यावर आणलं, टोपण घातलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली. तासभर काम केलं. रेघेला अकरा दात आले. उठताना त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवून पाहिलं. चिकटपट्टीची नीट गुंडाळी करून ती टोपणाशेजारी ठेवलेली होती. कडं उणे पाचवर.

तासभर त्या खुर्चीतून हललेल्या नव्हत्या. दार आतून बंद होतं. दाराच्या काचेतून बाहेरचा लख्ख दिवस दिसत होता, लोक ये-जा करत होते, कुणीतरी शिंकत होतं.

'मीच केलं असेल,' त्यांनी मनाला समजावलं. 'एका तंद्रीत काम करताना हात काय करतो ते कुठे कळतं? भाजी चिरता चिरता देठं खाणाऱ्या बायका असतातच की.' हे त्यांना अर्धवट पटलंसुद्धा. पण त्यांची नजर उणे दोनची होती. उणे पाचवर त्यांना त्या भिंगातून धुकं दिसलं असतं.

दुपारी जेवणाच्या खोलीत मोठे डॉक्टर भेटले. सगळा विभाग त्यांचाच. हातात डबा, तोंडात घास.

"बाई, सकाळी यायचं होतं तुमच्याकडे. पण काचेतून पाहिलं, तुम्ही दोघी अगदी रंगून गेला होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला."

"दोघी?"

"तुमची धाकटी होती ना? पाठमोरीच दिसली म्हणा. चांगलंय, शिकू दे तिलाही."

धाकटी सकाळपासून खालून हललीच नव्हती. बाईंनी मान हलवली. "हो," त्या म्हणाल्या, "आली होती जरा." आपण असं का म्हणालो ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

४

डबीतला डोळा सुकत तर नाही ना हे बघायला वर एक लहानसा तिरका कॅमेरा होता. दर दहा सेकंदांनी एक फोटो. ते फोटो कुणी बघत नसे. यंत्रात साठायचे आणि महिन्याने पुसले जायचे.

शुक्रवारी सकाळी बाईंनी सूक्ष्मदर्शकाला हातच लावला नाही. खोलीतले सगळे दिवे लावले, दार सताड उघडं टाकलं आणि गुरुवारचे फोटो काढले. ओला घुमट म्हणजे फुगीर आरसाच. समोरचं सगळं त्यात उमटतं. टेबलावरच्या दिव्याचा पांढरा ठिपका, दाराची काच आणि भिंगावर वाकलेलं, टोपी घातलेलं बाईंचं स्वतःचं डोकं.

वहीतली पहिल्या दाताची वेळ पाहून त्यांनी त्या वेळचा फोटो उघडला.

टोपी घातलेल्या डोक्याशेजारी दुसरं डोकं होतं. टोपीविना. बाजूच्या भिंगावर वाकलेलं.

बाईंनी चित्र मोठं केलं. मोठं केल्यावर नुसते करडे चौकोन उरले. पुन्हा लहान केलं. डोकं. खांदा. तो खांदा त्यांच्या खांद्याला जवळजवळ लागलेला.

'सावली,' त्या मोठ्याने म्हणाल्या. 'दिव्याची सावली पडली असेल.' दुसऱ्या दाताचा फोटो उघडला. तिसऱ्याचा. चौथ्याचा. दर वेळी तेच, भिंगावर वाकलेलं, एकाग्र. दातांच्या मधल्या वेळेचे फोटो पाहिले तर त्यांत बाई एकट्याच होत्या. म्हणजे ते डोकं येऊन वाकलं की डबीतला डोळा गच्च मिटायचा. मिटायला काही नसताना मिटायचा.

अकराव्या फोटोत मात्र ते भिंगावर वाकलेलं नव्हतं. ते उजवीकडे वळलं होतं. बाईंच्या डाव्या गालापासून वीतभर अंतरावर, बाईंकडे तोंड करून. आणि बाई शांतपणे भिंगात बघत काम करत होत्या.

तोंड कसं होतं ते दिसत नव्हतं. बाईंनी चित्र मोठं करायला बोट नेलं आणि मागे घेतलं. पडदा बंद केला.

पण बाई म्हणजे हिशेबी डोकं. भीती जरा ओसरली तशी एक गोष्ट त्यांना स्वच्छ कळली. तो माणूस असो, भास असो नाहीतर यंत्रातला बिघाड असो, वीतभर अंतरावर कुणी येऊन बसतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. डावीकडे आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. ठिगळ इतकं मोठं झालंय की त्यात माणूस मावतो. दोन वर्षं मांजरासारखे डोळे मिटून दूध पीत बसलो. आता पुरे. अजून उजवा डोळा शाबूत आहे, तो तरी वाचवला पाहिजे.

५

"ताई, तू वेडी आहेस का?" धाकटी आधी ओरडली, मग रडली, मग पुन्हा ओरडली. "दोन वर्षं! रोज एका ताटात जेवतो आपण, आणि तू मला... मी काय परकी आहे?"

"नाही गं. तू परकी नाहीस म्हणूनच धीर झाला नाही."

"बाबांचं झालं ते झालं. तेव्हाचं ऑपरेशन वेगळं, आताचं वेगळं. मी सरांना आत्ता सांगते."

सांगितलंही. मोठ्या डॉक्टरांनी नसेचा फोटो पाहिला. नस जरा खोलगट होती, पण या घराण्यात ती जन्मतःच तशी. दाब बरा होता. "फील्ड खराब निघालं तर सोमवारीच ऑपरेशन करू," ते म्हणाले. "चांगलं निघालं तर मात्र मी सुरी लावणार नाही. उगाच चांगल्या डोळ्याला हात लावायचा नसतो. सगळं त्या रिपोर्टवर."

"या वेळी खरा येईल," बाई म्हणाल्या.

दुपारी तीनला दोघी बहिणी यंत्राच्या खोलीत शिरल्या. धाकटीने दिवे मालवले. तिने बटण पुढे केलं तेव्हा बाईंनी हात मागे घेतला.

"बटण नको. माझा अंगठा आता मला विचारत नाही, टिक ऐकली की दाबतो. मी तोंडाने सांगेन. दिवा दिसला की 'दिसला' म्हणेन, तू तुझ्याकडची कळ दाब. आणि कापूस दे कानात घालायला. टिक ऐकूच यायला नको."

"लबाड गं लबाड," धाकटी म्हणाली, पण आवाज मायेचा होता. तिने स्वतःच कापसाचे बोळे करून बहिणीच्या कानात घातले, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि यंत्रामागे जाऊन बसली.

घुमटात फक्त मधला ठिपका. कानात कापसाची बधिर शांतता. बाईंनी नजर रोखली. उजवीकडे एक दिवा चमकला. "दिसला." मधोमध एक. "दिसला." पुन्हा उजवीकडे. "दिसला." मग बराच वेळ काहीच नाही. बाई मनात आकडे मोजत राहिल्या. वीस, तीस, चाळीस. म्हणजे आता डावीकडचे दिवे लागत असणार, एकामागून एक, आणि आपल्याला एकही दिसत नाही. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. रडू भीतीचं नव्हतं. दोन वर्षांनी खरं बोलतोय याचं ते रडू होतं.

दहा मिनिटांनी दिवे लागले. बाईंनी कापूस काढला. धाकटी कागद घेऊन उभी होती आणि तिचं तोंड हसरं होतं.

"काय गं घाबरवलंस ताई! अर्धा जीव गेला माझा. हे बघ."

कागद लखलखीत होता. डावी बाजू उजवीपेक्षाही उजळ.

"हे चुकलंय," बाई म्हणाल्या. "डावीकडे मी एकदाही बोलले नाही."

"बोललीस की! दर वेळी बोललीस. फक्त डावीकडचे फार हळू म्हणत होतीस, घसा बसल्यासारखं. मला कान द्यावा लागत होता." धाकटीने डोळे पुसले. "सरांना आता काय सांगू? ते मलाच वेड्यात काढतील. सोमवारचं तर विसरच तू."

खोलीत त्या दोघीच होत्या. यंत्र, स्टूल, बंद दार. बाईंनी मान वळवून डावीकडे पाहिलं. भिंत होती. सलग, पांढरी भिंत.

"उजवा डोळा तपासायचाय," त्या म्हणाल्या. "आत्ता. आणि तू माझ्या तोंडावर लक्ष ठेव."

"तोंड कुठलं दिसायला? अंधारात मला पडद्यावर फक्त तुझा डोळा दिसतो."

"बरं. मग कान दे."

या वेळी बाईंनी कापूस घातला नाही. पट्टी डाव्या डोळ्यावर गेली. दिवे मालवले. बाईंनी हनुवटी टेकवली आणि धाकटीला कळू न देता तळहात तोंडावर गच्च दाबून धरला. उजवा डोळा खणखणीत होता. त्याच्या पुढचा एकन् एक दिवा त्यांना दिसणार होता, आणि त्या मुद्दाम एकालाही हूं म्हणणार नव्हत्या. कागद कोरा आला पाहिजे. मग धाकटीला पटेल.

टिक. मधोमध दिवा. बाई गप्प.

"ताई, बोल की," धाकटी म्हणाली.

टिक. बाईंनी वाट पाहिली. कोरडी टिक नव्हती ही, दिव्याची होती. दिवा मात्र दिसला नाही.

टिक. नाही.

टिक. बाईंनी हात तोंडावर आणखी दाबला. दातांनी ओठ कापला जात होता. समोरचा घुमट स्वच्छ, पांढरा, रिकामा.

आणि उजव्या कानाशी, केस हलावेत इतक्या जवळून, कुणीतरी हळूच म्हणालं, "दिसला."

"हां, अस्सं," धाकटी म्हणाली आणि तिने कळ दाबली.